जंतूंची तटबंदी आणि औषधाचा भाव

संध्याकाळी सहा-साडेसहाच्या पुढे कल्याण स्थानकाबाहेर लोकलगाड्यांतून उतरलेली माणसे रस्त्यावर पसरू लागली, की भाजीच्या टोपल्यांपाशी जमते तेवढीच गर्दी औषधांच्या दुकानांपाशीही जमते. मुंबईच्या कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करून आणि येताजाता तास-दीड तास उभ्याने प्रवास करून परतलेला एखादा कारकून फळीपाशी येतो आणि म्हणतो, "भाऊ, घसा धरलाय. मागच्या वेळच्या त्या पाचशेच्या कॅप्सूल द्या. तीनच द्या." दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, तीन कॅप्सूल कागदी पाकिटात टाकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. चिठ्ठी कोणी मागत नाही आणि कोणी दाखवतही नाही.

या माणसाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्याचा हिशेब अडाणीपणाचा नाही. डॉक्टरांकडे जायचे म्हणजे तपासणीची फी, तासभराची रांग, आणि प्रसंगी अर्ध्या दिवसाची रजा. त्यापेक्षा तीन कॅप्सूल कितीतरी स्वस्त पडतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला विवेकी ग्राहक याहून वेगळे काही करणार नाही. चूक असेल तर ती त्याच्यासमोर मांडलेल्या किमतीत आहे. पट्टीवर छापलेल्या किमतीत त्या कॅप्सूलचा एक फार मोठा खर्च धरलेलाच नसतो. तो खर्च कोणता, हे कळण्यासाठी ही कॅप्सूल शरीरात जाऊन नेमके काय करते, हे आधी पाहावयास हवे.

ॲमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्या घराण्यातले औषध. या घराण्याचा घाव जंतूच्या भिंतीवर पडतो. जिवाणूच्या इवल्याशा देहात बाहेरच्या मानाने कितीतरी अधिक दाब असतो. काही जातींत तर तो मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दसपटीने भरतो. एवढ्या दाबाने देह फुटू नये म्हणून निसर्गाने त्याच्याभोवती एक मजबूत भित्तिका उभारलेली असते. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्या साखळ्यांना आडव्या जोडणाऱ्या प्रथिनासारख्या छोट्या दुव्यांची गुंफण, अशी तिची रचना आहे. बाजेला उभ्या-आडव्या नवारीने जसा ताण मिळतो, तसाच येथेही मिळतो. आडवे दुवे निघाले तर नुसत्या उभ्या साखळ्यांना दाब पेलवत नाही.

हे दुवे जोडण्याचे काम एक विशिष्ट विकर करते. भिंत बांधणारा गवंडीच म्हणा ना. जोडावयाच्या दुव्याच्या टोकाशी ॲलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचे दोन घटक असतात. तीच त्या गवंड्याची ओळखीची खूण. पेनिसिलीनच्या रेणूची ठेवण नेमकी या टोकासारखी दिसते. टिपर आणि स्ट्रॉमिंजर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. विकर फसते, पेनिसिलीनला हात घालते आणि तो हात पुन्हा सुटत नाही. बांधकाम थांबते, पण वाढणाऱ्या जंतूला जुनी भिंत जागोजाग उकलून नवी घालावी लागत असल्यामुळे उकलणारी विकरे मात्र आपले काम चालूच ठेवतात. पाडणारे कामावर आणि बांधणारे जायबंदी अशी अवस्था होते, भिंत विरळ होत जाते, आतला दाब तिला फाडतो आणि जंतू फुटून मरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. मानवी पेशीला अशी भित्तिकाच नसते. त्यामुळे ज्यांना पेनिसिलीनचे वावडे आहे अशी थोडी माणसे वगळली, तर हे औषध माणसाला फारच कमी अपाय करते. शत्रूपाशी आहे आणि आपल्यापाशी नाही अशी वस्तू हेरून तिच्यावर घाव घालणारे औषध वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडते. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच सरळ, पण कल्याणच्या फळीपाशी ती कोणाच्या ध्यानात येत नाही: विषाणूलाही भित्तिका नसते. सर्दी, फ्ल्यू, डेंग्यू आणि घसादुखीचे बहुसंख्य प्रकार विषाणूंमुळे होतात. तेथे या कॅप्सूलला पाडण्याजोगी भिंतच मिळत नाही. चार दिवसांत घसा बरा होतो तो आपोआप. श्रेय मात्र कॅप्सूलला जाते, आणि पुढच्या खेपेला तीच पुन्हा मागितली जाते.

औषधाच्या वेळापत्रकाचे गूढही या भिंतीतच आहे. पेनिसिलीन वाढत्या जंतूला मारते, आणि तेही रक्तातले त्याचे प्रमाण एका किमान पातळीच्या वर असेपर्यंतच. ती पातळी ओलांडून कितीही वर गेले तरी मारण्याचा वेग फारसा वाढत नाही. महत्त्व आहे ते पातळी किती तास टिकते याला. मूत्रपिंडे तर हे औषध भराभर बाहेर टाकतात. मूळ पेनिसिलीनचे रक्तातले प्रमाण अर्ध्या तासात निम्म्यावर येते, ॲमॉक्सिसिलीनचे सुमारे तासाभरात. (१९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णावर प्रयोग झाला, तेव्हा औषध इतके दुर्मिळ होते, की त्या पोलीस शिपायाच्या लघवीतून पेनिसिलीन परत मिळवून ते त्यालाच पुन्हा टोचण्यात आले होते. साठा संपला आणि सुधारत चाललेला तो रुग्ण अखेर दगावला.) सकाळी सहाची लोकल पकडणारा माणूस दुपारची कॅप्सूल विसरतो आणि रात्री दोन घेऊन भरपाई केल्याचे समाधान मानतो. हिशेब मांडून पाहावा: प्रमाण तासाभरात निम्मे होत असेल, तर दुप्पट मात्रेने मिळणारे संरक्षण फक्त एका तासाने वाढते. घटत्या फलाचा नियम विद्यार्थ्यांना शेताच्या आणि खताच्या उदाहरणाने शिकवला जातो. तो समजावून देण्यास हे उदाहरणही वाईट नाही.

औषध 'पुरे करावे' या सल्ल्यातही आता बरेच बारकावे आले आहेत. पूर्वी ठरलेल्या कित्येक मुदती गरजेपेक्षा लांब होत्या, न्यूमोनियासारख्या काही आजारांत थोड्या दिवसांचे औषध तेवढेच काम करते, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. अनावश्यक लांबलेली मुदत हीदेखील उधळपट्टीच. पण मुदत कोठे छाटावी आणि कोठे छाटू नये हे रोगावरून ठरते, खिशावरून ठरत नाही. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे आलेल्या घसादुखीत तोंडाने घ्यावयाच्या पेनिसिलीनची मुदत आजही दहा दिवसांची सांगितली जाते, आणि त्याचे कारण घशात नसून हृदयात आहे. त्याविषयी पुढे येईलच.

आता त्या न छापलेल्या खर्चाकडे वळू. प्रत्येक कॅप्सूल शरीरातल्या लक्षावधी निरुपद्रवी जंतूंनाही गाठते. त्यांतले दुबळे मरतात, आणि ज्यांच्यापाशी बचावाचा काही उपाय असतो ते उरतात आणि वाढतात. पेनिसिलीन फोडणारे विकर जंतूंपाशी असल्याचे अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच प्रसिद्ध केले होते. म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वीच त्याचा उतारा जंतूंच्या हाती होता. १९४५ चे नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी केलेल्या भाषणात एक काल्पनिक गृहस्थ येतो. घसा दुखतो म्हणून तो आपल्या मनाने अपुरे पेनिसिलीन घेतो, त्याचे जंतू मरण्याऐवजी शिकून तयार होतात, आणि पुढे त्याच्या बायकोला त्याच जंतूंची बाधा होऊन औषध चालत नाही. कल्याणच्या फळीपाशी उभा असलेला इसम ऐंशी वर्षांपूर्वीच त्या भाषणात हजर होता असे म्हणावयास हरकत नाही.

पुढचा इतिहास तटबंदी आणि सुरुंग यांच्या शर्यतीचा आहे. फोडणाऱ्या विकराला दाद न देणारे मेथिसिलीन १९५९-६० च्या सुमारास आले; १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडात सापडला. सार्डिनियात समुद्राला मिळणाऱ्या सांडपाण्यात सापडलेल्या बुरशीपासून सेफॅलोस्पोरिने निघाली, त्यांच्याही पिढ्यांमागून पिढ्या आल्या. कार्बापेनेम ही त्या सर्वांच्या मागे राखून ठेवलेली कुमक. तीही फोडणारे एक विकर २००८ मध्ये भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूंत आढळले आणि त्याला दिल्लीचे नाव मिळाले. नावावरून संसदेपर्यंत वादंग झाला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली, की २०१० च्या मार्च महिन्यात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच या जंतूंची नोंद केली होती. नाव कोणाचेही द्या, जंतू येथे होते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज लॅन्सेटमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला.

औषधाचा गुण हा एक सामाईक साठा आहे. गावच्या गायरानासारखाच. एकाने एक गाय जास्त सोडली तर त्याचा लाभ त्याच्या घरी जातो आणि उजाड होणाऱ्या कुरणाचा तोटा गावाच्या वाट्याला येतो. तीन कॅप्सूल घेणाऱ्याने दिलेल्या किमतीत हा तोटा नसतो, आणि विकणाऱ्याच्या नफ्यातूनही तो वजा होत नाही. औषधे महाग करून हे सुटेल काय? नाही. महागाईने उधळपट्टी करणारा थोडासा आखडेल, पण ज्याला न्यूमोनिया झाला आहे असे गरिबाचे मूल औषधावाचून राहील. म्हणून येथे भावाऐवजी नियमाचा आधार घ्यावा लागतो. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने, कार्बापेनेम व क्षयरोगाची औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची आहे. ॲमॉक्सिसिलीन या यादीत नाही; त्याला चिठ्ठी लागते, पण वहीत नोंद लागत नाही. त्यामागे विचार असा, की खेड्यापाड्यांत जेथे डॉक्टरच नाही, तेथे जुनी साधी औषधे अगदी कुलपात जाऊ नयेत. विचार योग्य आहे. पण कल्याण-डोंबिवलीत जेथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तेथे चिठ्ठीचा नियमही कागदावर राहावा, याचे समर्थन कसे करणार?

भावाच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहण्यासाठी कल्याणहून कर्जतमार्गे घाट चढून पुण्याच्या वाटेला लागावे लागते. पुण्याच्या अलीकडे पिंपरीचे स्थानक येते. आज ते कारखान्यांच्या आणि घरांच्या दाटीत हरवले असले, तरी या उद्योगनगरीची पायाभरणी करणाऱ्यांत पेनिसिलीनचा कारखाना अग्रभागी होता. भारत सरकारने १९५१ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्याशी करार केला. एकीने यंत्रसामग्री दिली, दुसरीने तंत्रज्ञ आणि ज्ञान. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. औषधे बनवणारा सार्वजनिक क्षेत्रातला हा पहिला कारखाना. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेलेले डॉ. साहिब सिंग सोखी यांचा आग्रह या योजनेमागे होता. जीवरक्षक औषधासाठी देशाने परक्याच्या तोंडाकडे पाहू नये, आणि त्याचा भाव परवडणारा असावा, हे त्यामागचे धोरण.

पिंपरीने नुसत्या बाटल्या भरल्या नाहीत. तेथील प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' हा शब्द कायमचा कोरला गेला आहे. १९६० च्या दशकात तेथे स्ट्रेप्टोमायसिनही निघू लागले. क्षयाच्या जंतूची मेणचट भिंत पेनिसिलीनला दाद देत नाही, त्यामुळे चाळीचाळींत क्षय ठाण मांडून असलेल्या त्या काळात या औषधाचे मोल वेगळे सांगावयास नको. १९७५ मध्ये हाथी समितीने औषधनिर्मितीत सार्वजनिक क्षेत्राला पुढारपण द्यावे अशी शिफारस केली, तेव्हा समितीपुढे पिंपरीचा अनुभव होता.

नंतर काय झाले? सार्वजनिक उद्योगांचे नेहमीचे दोष येथेही होते: जुनी यंत्रे, उशिरा होणारे निर्णय, सरकारी खरेदीची थकबाकी. त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु १९९० च्या दशकात आयात खुली झाल्यानंतर देशातले खाजगी कारखानेही पेनिसिलीनच्या किण्वनातून एकामागून एक बाहेर पडले, तेव्हा दोष केवळ सरकारी कारभाराचा होता असे म्हणता येत नाही. प्रचंड टाक्या, स्वस्त वीज आणि सरकारी पाठबळ यांच्या जोरावर चिनी माल अशा भावाने येऊ लागला, की येथे बनवण्यापेक्षा आणणे परवडू लागले. पिंपरीची कंपनी आजारी ठरली. डिसेंबर २०१६ मध्ये तिची वाढीव जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. गोळ्या-कॅप्सूल भरणारे कारखाने देशात उदंड राहिले, पण पेनिसिलीनपासून अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल आणि त्यापासून ॲमॉक्सिसिलीन अशी जी साखळी आहे, तिची पहिली कडी देशाबाहेर गेली. ग्राहकाला काही कळले नाही. कारण पट्टीवर भाव तोच होता.

२०२० मध्ये चीनमधून येणारा माल अडला आणि मग धावपळ झाली. त्या वर्षी मार्चमध्ये केंद्राने मूलद्रव्यांच्या उत्पादनाला प्रोत्साहन देण्याची ६,९४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पेनिसिलीन तिच्यात होते. आंध्र प्रदेशातील काकिनाड्याजवळ एका खाजगी कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि २०२४ मध्ये पेनिसिलीन पुन्हा भारतात तयार होऊ लागले. पाठोपाठ चिनी मालाचे भाव उतरले, आणि आयातीवर किमान किंमत बांधून द्यावी ही मागणी उद्योगाकडून पुढे आली. तशी किंमत बांधली तर तिचा भार कॅप्सूल घेणाऱ्या रोग्यावर पडणार, न बांधली तर कारखाना पुन्हा ओस पडण्याची भीती. स्वावलंबनाचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो. तो आजाऱ्याच्या खिशातून आडमार्गाने काढण्यापेक्षा अर्थसंकल्पात उघडपणे लिहून तिजोरीतून द्यावा, हेच न्यायाला धरून होईल.

आता हृदयाकडे येऊ. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा निकामी करतो. दाटीच्या घरांतून, एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात तेथे, हा रोग अधिक आढळतो. तीन कॅप्सूलनी घशाची आग शमते. जंतू मात्र उरतात आणि झडपेचा धोकाही उरतो. यावर उपाय नवा नाही आणि महागही नाही. बेन्झाथिन पेनिसिलीन हे स्नायूतून हळूहळू रक्तात झिरपणारे इंजेक्शन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. एका इंजेक्शनाने घशातला जंतू जातो. ज्याला एकदा ताप येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. विशेष म्हणजे घसा दुखवणारा हा स्ट्रेप्टोकॉकस ऐंशी वर्षांत पेनिसिलीनला प्रतिकार करावयास शिकलेला नाही. बाकी जंतूंनी तटबंद्या बदलल्या, याने बदलली नाही.

आणि हेच औषध बाजारातून नाहीसे होते. गेल्या दशकात त्याची टंचाई अनेक देशांनी अनुभवली, भारतानेही अनुभवली. कारण स्वच्छ आहे: त्याचा भाव इतका कमी, की ते बनवण्यात कोणाला रस नाही. जगात त्याचे मूलद्रव्य करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि बहुतेक चीनमध्ये. ज्या कॅप्सूलची उधळण व्हावयास नको ती कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आणि ज्या इंजेक्शनाची तारीख चुकता कामा नये ते शोधत पालकांना हिंडावे लागते. दोन्ही ठिकाणी बाजार भावाकडे पाहूनच चालला आहे, दोन्ही ठिकाणी तो चुकला आहे, आणि दोन्ही चुका उलट दिशांच्या आहेत.

या दुसऱ्या चुकीवर उपाय महाराष्ट्राच्या हाती आहे. सरकारी रुग्णालयांसाठी औषधे घेण्याकरिता राज्याने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण केले आहे. दरवर्षी नीचतम दराची निविदा काढून बेन्झाथिन पेनिसिलीन विकत घेण्याऐवजी, पाच-सात वर्षांचा करार करून, ठरलेल्या नगांची खात्री आणि उत्पादकाला परवडणारा दर देऊन ते घेतले, तर औषध करणारा कोणी तरी टिकून राहील. दर इंजेक्शनामागे काही रुपये अधिक पडतील. झडप बदलण्याची एक शस्त्रक्रिया लाखांच्या घरात जाते, आणि गरिबाच्या बाबतीत तिचाही खर्च अखेर शासनाच्याच विमा योजनेवर येतो. तेव्हा वित्त खात्याने आक्षेप घ्यावा असे या हिशेबात काही नाही. पिंपरीत इंजेक्शने भरण्याची व्यवस्था आणि अनुभव आहे. करारात तिचा विचार व्हावयास कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.